गाभाऱ्याची चावी आणि देवीची वाचा



'स्त्री आणि धर्म' या विषयावर सिनॉप्सिस लिहायला बसलं, की बहुतेकांच्या कागदावर पहिला प्रश्न हाच उतरतो : महाराष्ट्रात बायकांना पुजारी होता येतं का? प्रश्न चांगला आहे आणि त्यावर लिहायला सामग्रीही भरपूर आहे. 1970 च्या दशकात पुण्यात शंकरराव थत्ते यांनी बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली. पुढे ज्ञानप्रबोधिनीनेही ते काम हाती घेतलं. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पंढरपुरातले बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले आणि मंदिर समितीने पूजेच्या कामासाठी सगळ्या जातींच्या उमेदवारांना, बायकांनाही, मुलाखतीला बोलावलं. 2016 मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना प्रवेश मिळाला.

पण बघा, या सगळ्या घटना एकाच दाराभोवती फिरतात, गाभाऱ्याच्या. आत कोण जाणार, मूर्तीला हात कोण लावणार, मंत्र कोण म्हणणार. आता दुसरीकडे बघू. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी असलेली बाई मंगळवारी नाहीतर शुक्रवारी दारात येऊन जोगवा मागते. नवरात्रात तिच्या अंगात येतं, तेव्हा घरातली मोठी माणसंही तिच्या पाया पडतात, हात जोडून 'आई, सांग' म्हणतात. ही बाई कोण? ती पुजारी नाही. तिला मंत्र येत नाहीत, तिच्याकडे कुठल्या देवळाची चावी नाही. तरी त्या घटकेला देवीचा शब्द तिच्याच तोंडून येतो, असं तिथला प्रत्येकजण मानतो.

तिला आपण आराधिनी म्हणतो. या पोस्टमध्ये मला एवढंच दाखवायचं आहे : 'पुजारीण' हा शब्द घेऊन शोधायला निघालात, तर ही बाई तुमच्या प्रबंधात येणारच नाही. पदाचं नाव बाजूला ठेवून काम शोधलंत, तर ती दिसेल. आणि ती दिसली की प्रश्नही बदलतील.

आधी जरा मणिपूरला जाऊ

तुलना लांबच्या ठिकाणाशी केली की जवळचं नीट दिसतं. मणिपूरच्या मैतेई समाजाच्या पारंपरिक धर्मात 'माइबी' नावाची भूमिका आहे. माइबी म्हणजे देवतेने निवडलेली स्त्री. तिची निवड परीक्षा घेऊन होत नाही. आजारपण, बेचैनी, स्वप्नं, मधेच भान हरपणं, अशा रूपात बोलावणं येतं. मग ती एखाद्या ज्येष्ठ माइबीकडे राहून नाच, गाणी, विधी आणि देववाणी शिकते. विधीच्या वेळी ती पांढरा पोशाख घालते.

मैतेईंचा मोठा उत्सव म्हणजे लाइ हराओबा. 'लाइ' म्हणजे देवता, 'हराओबा' म्हणजे आनंदी करणं. उत्सवाच्या सुरुवातीला देवतेला पाण्यातून बोलावून आणतात, आणि हे बोलावण्याचं काम माइबीचं. हातातली घंटा वाजवता वाजवता तिच्यात संचार होतो. पेना नावाच्या तंतुवाद्याच्या साथीवर ती नाचते. त्या नाचात शरीर घडण्यापासून घर बांधणं, शेती करणं, कापड विणणं इथपर्यंत सगळं हातांच्या मुद्रांतून दाखवलं जातं. म्हणजे जग कसं झालं याची गोष्ट पोथीतून वाचली जात नाही, माइबीच्या अंगातून ती उभी राहते. तिच्या बरोबरीने 'माइबा' हे पुरुषही असतात, पण तिच्यावाचून लाइ हराओबा होत नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. पहिली : मणिपूरच्या राजदरबारात माइबींचं स्वतंत्र खातं होतं. त्यांच्यात संगलेन, नोंगमाइ आणि फुरा असे तीन विभाग होते. म्हणजे ही भूमिका राज्याच्या कागदावर होती. दुसरी : एखाद्या पुरुषाला बोलावणं आलं, तर तो माइबीचाच स्त्रीवेश घेऊन विधी करतो. म्हणजे भूमिका बाईची असते, ती पार पाडणारं शरीर मात्र दर वेळी बाईचं असेलच असं नाही.

हे वाचायचं असेल तर मूळच्या मणिपूरच्या सरोज पॅरेट आणि जॉन पॅरेट यांचं लाइ हराओबावरचं 1997 चं पुस्तक मिळवा. विधीचं बारकाईने वर्णन कसं करावं, याचा तो चांगला नमुना आहे.

आता तुळजापूर : कामांची वाटणी कशी आहे?

आपल्या मराठवाड्यात देवीची मोठी स्थानं तुळजापूर, माहूर आणि अंबाजोगाई. त्यातलं तुळजापूर घेऊ. तिथला वार्षिक क्रम तुम्हाला माहीत असेल. भाद्रपद वद्य अष्टमीला देवीची मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. घटस्थापनेला ती पुन्हा सिंहासनावर येते. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की पुन्हा पलंगावर, ते थेट कोजागिरीपर्यंत. मूर्ती अशी जागची हलणं ही तुळजापूरची खासियत आहे.

आता तुलना करा. मणिपुरात देवतेला पाण्यातून 'आणणं' हे माइबीचं काम. तुळजापुरात देवीला निजवणं-उठवणं हे भोपे पुजाऱ्यांचं, म्हणजे पुरुषांचं, वंशपरंपरेनं चालत आलेलं काम. सीमोल्लंघनाची पालखी बुऱ्हाणनगरहून येते, तोही एक ठरलेला मान. यात आराधिनी कुठे आहे? ती देवळाच्या आवारात, पायऱ्यांवर, यात्रेच्या गर्दीत, आणि वर्षभर स्वतःच्या गावात आहे.

देवीच्या भोवतीची कामं मी चार भागांत मांडतो, म्हणजे कोण काय सांभाळतं ते कळेल.

पूजा भोप्याची. मूर्ती, अभिषेक, नैवेद्य आणि गाभारा त्याच्याकडे.

कथा गोंधळ्याची. संबळ-तुणतुण्यावर देवीचं आख्यान लावणं आणि लग्नानंतर घरोघर गोंधळ घालणं हे त्याचं काम.

भिक्षा आणि गाणं आराधिनीचं. माळ-परडी घेणं, पाच घरी जोगवा मागणं, मेळ्यात बसून आराधी गाणी म्हणणं. पुरुष आराधीही असतात, पण दारोदारी जास्त दिसतात त्या बायकाच.

वाचा 'झाडा'ची. हा शब्द नीट ऐकून घ्या. ज्याच्या अंगात देव येतो त्या माणसाला आपल्याकडे 'झाड' म्हणतात, आणि येणाऱ्या देवाला 'वारं'. झाडाला वारं येतं, झाड हलतं, घुमतं. प्रत्येक आराधिनी झाड असतेच असं नाही, आणि प्रत्येक झाड आराधिनी नसतं. पण या दोन्ही भूमिका एकाच बाईत अनेकदा एकत्र येतात.

माइबीकडे यातलं बरंच काही एकवटलेलं आहे : देवतेला आणणं, कथा अंगातून उभी करणं, देववाणी बोलणं. आपल्याकडे तेच काम वाटलं गेलं. किल्ली एकाकडे, कथा दुसऱ्याकडे, वाचा तिसरीकडे. वाटणी करताना ज्याला जमीन, उत्पन्न आणि वंशपरंपरेचा हक्क जोडलेला होता, तो भाग पुरुषांकडे गेला. जो भाग दर पिढीत नव्याने सिद्ध करावा लागतो, म्हणजे 'मला देवीनं बोलावलं' हे लोकांना पटवून द्यावं लागतं, तो बायकांना खुला राहिला. हे माझं प्रतिपादन आहे. तुम्ही ते खोडून काढा, पण खोडताना कामांची यादी समोर ठेवा.

आराधिनी, जोगतीण, मुरळी : एकाच पोत्यात भरू नका

ही चूक सिनॉप्सिसमध्ये फार दिसते. 'महाराष्ट्रातील देवदासी प्रथा : आराधिनी, जोगतिणी व मुरळ्या' असं शीर्षक दिलं की विषय मोठा वाटतो, पण पहिल्याच पानावर घोळ होतो.

मुरळी खंडोबाची. लहानपणीच खंडोबाशी लग्न लागलेली मुलगी, वाघ्याबरोबर जागरणात नाचणारी-गाणारी. जोगतीण यल्लम्माची. तिचा मुख्य टापू कोल्हापूर, सांगली, बेळगाव आणि सौंदत्ती. हातात चौंडकं, डोक्यावर देवीचा 'जग', गळ्यात बांधलेले मणी. जोगता म्हणजे देवीला वाहिलेला पुरुष, साडी नेसणारा. मघाशी सांगितलेल्या स्त्रीवेशातल्या माइबीची इथे आठवण येईल. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या याच जगावर आहेत आणि राजीव पाटील यांचा 2009 चा 'जोगवा' हा चित्रपट त्यांच्याही आधारे आला.

आराधिनी मात्र बहुतेक वेळा संसारी बाई असते. तिचं लग्न झालेलं असतं, तिला मुलंबाळं असतात, ती शेतात राबते, आणि कुठल्यातरी वळणावर तिने माळ-परडी घेतलेली असते. काही घरांत परडी सासूकडून सुनेकडे येते. म्हणून 'देवाला सोडलेली मुलगी' आणि 'परडी घेतलेली बाई' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत मूल असताना दुसऱ्यांनी निर्णय घेतला. दुसरीत बहुतेकदा मोठ्या बाईच्या आयुष्यातलं दुखणं, अपत्य नसणं, घरातला मृत्यू असं काहीतरी घडलं, आणि त्याचा अर्थ 'देवीनं बोलावलंय' असा लावला गेला. सीमारेषा कुठे कुठे पुसट असेल, ती तुम्हाला क्षेत्रकार्यात तपासावी लागेल. पण आधी रेषा आहे हे माहीत तर हवं.

बोलावणं येतं म्हणजे काय होतं?

आपल्याकडे बोलावण्याची सगळ्यात ओळखीची खूण म्हणजे जट. केसात गुंता होतो, तो सुटत नाही, कुणीतरी म्हणतं 'देवीची जट आहे, कापू नको', आणि बाईचं आयुष्य वळण घेतं. वाढलेल्या जटेचं ओझं मानेवर येतं, डोकं धुता येत नाही, उवा आणि जखमा होतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते बायकांशी बोलून, त्यांची भीती घालवून जटा कापून देतात, ते याचमुळे.

या खुणेवर सगळ्यात चांगलं लिहिलंय ते श्रीलंकेच्या गणनाथ ओबेसेकेरे यांनी. कतरगामा या तीर्थावरच्या जटाधारी स्त्रियांवर त्यांचं 1981 चं पुस्तक आहे. त्यांचा मुद्दा असा : जट हे प्रतीक सगळ्यांच्या ओळखीचं असतं, पण प्रत्येक बाईच्या डोक्यावर ते तिच्या स्वतःच्या दुःखातून उगवतं. त्यामुळे 'जट म्हणजे काय' असं एकच उत्तर देता येत नाही. समाजाचं प्रतीक आणि एका बाईचा इतिहास, दोन्ही एकदम वाचावे लागतात. माइबीचं आजारपण आणि आराधिनीची जट शेजारी ठेवली की हे आणखी स्पष्ट होतं. आजार दोन्हीकडे आहे. पण मणिपुरात त्या आजारापुढे गुरू, शिक्षण आणि उत्सवातली ठरलेली जागा उभी आहे. आपल्याकडे बाईला ती जागा स्वतःच मिळवावी लागते, शेजारणींच्या मदतीने आणि गावाच्या मर्जीने.

सिद्धांत : तीन नावं पुरेशी आहेत

व्हायवामध्ये 'थिअरॉटिकल फ्रेमवर्क काय?' हा प्रश्न येणारच. घाबरू नका. तीन भूमिका नीट समजून घ्या.

पहिली आय. एम. लुईस यांची. 1971 च्या पुस्तकात ते म्हणतात, संचार दोन तऱ्हेचा असतो. एक समाजाच्या मध्यवर्ती धर्मातला, दुसरा कडेचा. कडेच्या संचारात बायका आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींची माणसं जास्त दिसतात, कारण जे स्वतःच्या तोंडाने बोलता येत नाही ते देवाच्या तोंडाने बोलता येतं. सासूपुढे मान वर न करणारी सून अंगात आल्यावर सासूला खडसावते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं किंवा ऐकलं आहे. लुईस इथे उपयोगी पडतात. पण माइबी या चौकटीत बसत नाही. ती बाई आहे आणि तरी मध्यवर्ती धर्मात आहे. आराधिनीही पूर्ण कडेला नाही, कारण ती ज्या देवीचं नाव घेते ती कित्येक घराण्यांची कुलदेवता आहे. सिद्धांत आणि उदाहरण जिथे घासतात, तिथेच तुमचा प्रबंध असतो.

दुसरी मेरी केलर यांची, 2002 मधली. त्या विचारतात, अंगात आलेली बाई 'खरंच' बोलते की नाटक करते, हा प्रश्नच आपण का विचारतो? हातोडा स्वतः घाव घालत नाही, बासरी स्वतः वाजत नाही, तरी दोन्हींशिवाय काम होत नाही. संचारातल्या बाईचं तसंच. ती साधन होते, आणि साधन होण्यातच तिचं सामर्थ्य असतं. आपल्या भाषेने हे आधीच सांगून ठेवलंय : झाड आणि वारं. झाड वारं निर्माण करत नाही, पण झाडाशिवाय वारं दिसत नाही. तुमच्या प्रबंधात केलर यांचं नाव येऊ द्या, पण विचार 'झाड' या शब्दापासून सुरू करा.

तिसरी लुसिंडा रॅमबर्ग यांची. यल्लम्माच्या जोगतिणींवरचं त्यांचं पुस्तक 2014 चं. देवीला दिलेली मुलगी घरात मुलासारखी ठरते, वारसा आणि आईबापांची जबाबदारी तिच्याकडे येते, हे त्या दाखवतात. म्हणजे हा नुसता श्रद्धेचा मामला नाही, नातेसंबंध आणि मालमत्तेचाही आहे. पटो न पटो, वाचा.

मराठीत सुरुवात रा. चिं. ढेरे यांच्या 'लोकसंस्कृतीचे उपासक'पासून करा. मग ताराबाई भवाळकर. आणि आपल्या विद्यापीठात मराठी शिकवलेले, 2023 मध्ये पद्मश्री मिळालेले डॉ. प्रभाकर मांडे यांचं 'लोकसाहित्याचे स्वरूप'. लोकांच्या विधींची नोंद कशी घ्यायची, याची शिस्त त्यातून लागते.

कागद गप्प का असतात?

इतिहासाच्या अंगाने काम करणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे मुंबई इलाख्याची गॅझेटिअर किंवा 1934 चा मुंबईचा देवदासी संरक्षण कायदा उघडून तुळजापूरबद्दल निष्कर्ष काढू नका. तो मुलूखच वेगळा. आपल्याकडचे कागद निजामाच्या व्यवस्थेचे. सय्यद सिराज-उल-हसन यांचा निजामाच्या राज्यातल्या जाती-जमातींवरचा 1920 चा ग्रंथ आहे. तुळजापूर मंदिरासाठी 1909 ची 'देऊल-ए-कवायत' ही नियमावली आहे.

पण हे कागद वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवा. जातवार रचलेल्या ग्रंथात गोंधळी सापडतो, कारण गोंधळी ही जात म्हणून मोजली गेली. आराधिनी ही जात नाही. मराठा, मातंग, महार, धनगर अशा कुठल्याही घरातली बाई आराधिनी होऊ शकते. मग ती कोणत्या नोंदीखाली शोधणार? मंदिराच्या नियमावलीत हक्क, मान आणि उत्पन्न यांचा हिशेब असतो. जिला गाभाऱ्यातला हक्क नाही, तिचा हिशेबही नाही. माइबीला दरबारात खातं होतं म्हणून तिचा माग लागतो. आराधिनीचा माग गाण्यांत, आत्मचरित्रांत आणि जिवंत बायकांच्या आठवणींत शोधावा लागतो.

आत्मचरित्र म्हटलं की बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' (1986) आधी वाचा. महारवाड्यातल्या आषाढ महिन्याचं वर्णन त्यात आहे : घरं सारवणं, बायकांचं न्हाणं, अंगात येणं. वर्षभर उपाशी, मार खाणारी बाई त्या दिवसांत देवी होते आणि लोक तिच्या पाया पडतात. बेबीताई हे कौतुकाने सांगत नाहीत. त्या आंबेडकरी कार्यकर्त्या होत्या, आणि हे सगळं का सोडावं लागलं, हेही त्याच सांगतात. एकाच लेखणीत आतली ओळख आणि बाहेरची टीका, असा स्रोत मिळणं दुर्मीळ.

बाबासाहेब, कायदे आणि आपली भूमिका

इथे थोडं थांबायला हवं, कारण आपण ज्या विद्यापीठात शिकतो त्याला बाबासाहेबांचं नाव आहे. येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेनंतर काही महिन्यांनी, जून 1936 मध्ये, मुंबईत वाघ्या, मुरळी, जोगतिणी, आराधी अशा मंडळींच्या सभेत ते बोलले. देवाच्या नावावर चाललेलं हे लाजिरवाणं जिणं सोडा, लग्न करून बाकीच्या बायकांसारखं मानानं राहा, असं त्यांनी कामाठीपुऱ्यातल्या बायकांना सांगितलं. कारण 'देवाला वाहिलेली' म्हणजे प्रत्यक्षात कोण, ती कुणाच्या घरची आणि तिचा उपभोग कोण घेतो, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

पुढे कायदे आले. कर्नाटकात 1982 मध्ये, महाराष्ट्रात 2005 चा देवदासी निर्मूलन कायदा. मुलगी देवाला सोडणं गुन्हा ठरलं. ऑगस्ट 2013 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो नीट वाचा, ऐकीव माहितीवर लिहू नका. अंगात येणं एवढंच त्या कायद्याने गुन्हा ठरवलेलं नाही. दैवी शक्ती संचारल्याचं भासवून लोकांना भीती घालणं, 'ऐकलं नाहीस तर वाईट होईल' म्हणून धमकावणं, फसवणूक करणं हे गुन्हे आहेत. भजन, कीर्तन, यात्रा, पूजा यांना तो हात लावत नाही. आराधिनीचं रोजचं काम बहुतांशी या दुसऱ्या बाजूला पडतं, काही वेळा पहिल्या बाजूला झुकतं.

मग संशोधकाने कुठे उभं राहायचं? 'ही अंधश्रद्धा आहे' एवढं लिहून थांबलात, तर एका बाईने आयुष्यभर केलेलं काम, पाठ असलेली शेकडो गाणी, रात्री-अपरात्री तिच्याकडे रडत आलेल्या बायकांचं ऐकून घेणं, हे सगळं आजाराचं लक्षण होऊन बसतं. उलट 'ही स्त्रीशक्ती आहे, आपल्या मातृदेवतांचा वारसा आहे' असं लिहिलंत, तर जिच्या गळ्यात न कळत्या वयात मणी बांधले गेले ती मुलगी तुमच्या पानावरून गायब होते. माइबीबद्दलही असंच होतं. मैतेई अस्मितेचं प्रतीक म्हणून तिचं कौतुक करताना तिच्या रोजच्या कष्टांचं काय, हे विचारायचं राहून जातं. दोन्ही चुकांत बाई हरवते. बाबासाहेबांचा प्रश्न 'फायदा कुणाचा, किंमत कुणाची' हा होता. तो प्रश्न सोबत ठेवा आणि मग आराधिनीचं बोलणं ऐका. तो प्रश्न सोडून दिलात तर नुसतं लोककलेचं वर्णन उरेल. तिचं ऐकलंच नाहीत, तर तुमचा निकाल आधीच लागलेला असेल.

क्षेत्रकार्याला जाताना

पहिला अभ्यास शहरातच करता येईल. नवरात्रात छावणीतल्या कर्णपुऱ्याच्या देवीची यात्रा भरते, तिथे दोन-तीन दिवस नुसतं बघा. कोण कुठे बसतं, कोण कुणाच्या पाया पडतं, पैसे कुठे जातात. मग तुळजापूर, आणि शक्यतो कोजागिरीच्या गर्दीनंतर एखाद्या बाईच्या गावी. यात्रेतली बाई आणि गावातली बाई यांत फार फरक असतो.

संचार चालू असताना मुलाखत घेऊ नका, मोबाइल समोर धरू नका. त्या अवस्थेत दिलेली संमती ही संमती नसते. आधी विचारा, नंतर पुन्हा विचारा. रेकॉर्डिंगमधून ओळख पटली तर तिला कायद्याचा, भावकीचा किंवा गावाचा त्रास होऊ शकतो, म्हणून नाव आणि गाव बदला. तुमच्या विभागाच्या नियमांप्रमाणे संमतीपत्र घ्या, पण ते मराठीत, वाचून दाखवता येईल असं लिहा.

'खरंच देवी येते का?' हे विचारू नका. त्यापेक्षा हे विचारा : पहिल्यांदा आलं तेव्हा तुम्ही केवढ्या होतात? तेव्हा घरात काय चाललं होतं? 'ही देवीच आहे' असं पहिल्यांदा कोण म्हणालं? परडी कुणी दिली? तुमच्याकडे विचारायला कोण येतं, काय विचारतं? जोगव्याचा शिधा कुठे जातो? देवळातले पुजारी तुम्हाला ओळखतात का? तुमच्यानंतर परडी कोण घेणार, आणि तुम्हाला तसं वाटतं का?

शेवटचा प्रश्न शांतपणे विचारा आणि उत्तराची वाट बघा. 'माझ्या लेकीनं घेऊ नये, तिनं शिकावं' आणि 'आईची परडी अशी टाकता येत नाही' ही दोन्ही वाक्यं एकाच बाईच्या तोंडून येऊ शकतात. त्यातलं एक खरं, एक खोटं असं ठरवायची घाई करू नका. दोन्ही लिहून घ्या.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी एक पान

एक कोरं पान घ्या आणि चार रकाने आखा : पूजा, कथा, भिक्षा, वाचा. तुमच्या गावच्या देवीसाठी प्रत्येक रकान्यात लिहा, हे काम कोण करतं, ते त्याला कसं मिळालं, त्याबद्दल काय मिळतं आणि ते न केल्यास काय होतं. गावदेवी असो, मरीआई असो, म्हसोबाची जत्रा असो, पान भरेल. जिथे रकाना रिकामा राहील, किंवा जिथे नाव बाईचं आणि उत्पन्न दुसऱ्याचं असेल, त्या जागेवर बोट ठेवा. 'बायकांना पुजारी होता येतं का?' या प्रश्नापेक्षा तिथला प्रश्न लहान असेल. पण तो तुमचा स्वतःचा असेल आणि चार वर्षं पुरेल.